मधल्या रुळाशी वैर

आमच्या कार्न्स फोर्ज गावात व्हर्ना झुर्कोला व्हर्ना म्हणणारे फार थोडे. चर्चमध्ये ती एमिलची बायको, किराणा दुकानातही एमिलची बायको. एमिल गेल्यावर त्यातलाही अर्धा भाग गळला. "एमिलची आली होती का गं?" असं लोक मला फायर हॉलच्या, म्हणजे अग्निशमन दलाच्या सभागृहाच्या, स्वयंपाकघरात येऊन विचारायचे आणि माझं टाळकं सरकायचं. एमिल बेकरीच्या गाडीवरून घरोघर पाव पोचवायचा, गोड माणूस होता, सगळं गाव त्याला ओळखायचं, हे मला मान्य आहे. पण जी बाई अर्धं आयुष्य मालगाडीच्या डब्यांखाली लोळली, तिला स्वतःचं नाव नको?

डब्यांच्या कारखान्यात ती लागली ती कोणी हौसेने घेतलं म्हणून नव्हे. बायकांनाही घ्या असा वरून हुकूम आला होता. पहिल्याच दिवशी फोरमन तिला म्हणाला, "घरी जा बाई, लाटणं हातात घे. ते तुला शोभेल." आमच्याकडे डबा तपासून झाला की कामगार त्यावर खडूने आपली खूण करायचा. कोणी चांदणी काढायचा, कोणी नावाची अक्षरं. व्हर्नाने पहिला डबा पास केला आणि त्याच्या कुशीवर हातभर लांब लाटणं काढलं. फोरमनने ते पुसायला लावलं. तिने पुसलं आणि पुढच्या डब्यावर काढलं. फोरमन निवृत्त झाला, लाटणं राहिलं. कोळसा भरून ते डबे कुठल्या कुठल्या बंदरांना जायचे आणि त्यांच्याबरोबर तिचं लाटणंही फिरून यायचं.

नादुरुस्त डब्यावर मात्र सगळ्यांची खूण एकच असायची, मोठी फुली. फुली पडली की डबा रुळावरून बाजूला. त्यावर कोणी वाद घालायचा नाही.

आणि या बाईच्या घरात, तळघरात, एमिलच्या तीन रुळांच्या गाड्या. जुन्या खेळण्यातल्या गाड्यांना बाहेरचे दोन रूळ असतात आणि मधोमध तिसरा. वीज मधल्या रुळातून येते आणि बाहेरच्या दोन्हींतून परत जाते. डबा कसाही ठेवा, चालतो, काही डोकेफोड नाही. लहानपणी ख्रिसमसच्या झाडाखाली आम्ही सगळ्यांनी तीच गाडी पाहिली. बाकीचे मोठे झाले, एमिलने ती सोडली नाही.

"मी जन्मभर रुळांच्या मधे पाठीवर झोपून काम केलं," व्हर्ना म्हणायची. "मधे तिसरा रूळ असता तर मला टोचला असता की नाही?"

"अगं, खेळणं आहे ते," एमिल म्हणायचा.

"म्हणून काय त्याने खोटं बोलायचं?"

हे भांडण त्यांच्या लग्नाइतकंच जुनं होतं आणि लग्नाइतकंच छान चाललं होतं. पण एक सांगते, त्याच्या डब्यांना तिने कधी बोट लावलं नाही.

डिसेंबरमध्ये दर शनिवारी फायर हॉलमध्ये गाड्यांचं प्रदर्शन असतं. हॉलच्या मधोमध छोट्या रेल्वेगाड्यांच्या हौशी क्लबची मोठी मांडणी. डोंगर, नदी, पूल, बोगदा आणि खऱ्यासारखे दोन रूळ. स्वयंपाकघराच्या दाराशी, कोपऱ्यात, एमिलचं तीन रुळांचं वर्तुळ. क्लबवाले त्याला ‘खेळण्यांचा कोपरा’ म्हणायचे आणि तसं म्हणताना हसायचे. पोरं मात्र तिथेच चिकटायची, कारण एमिल त्यांना कळ फिरवू द्यायचा. मी पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, तळत असायचे आणि माझ्या पाठीमागे ती गाडी दिवसभर खडखडत असायची. तेव्हा त्या आवाजाने जीव नकोसा व्हायचा.

एमिल एप्रिलमध्ये गेला. मयताचं जेवण फायर हॉलमध्येच होतं. मी हलुश्की वाढत होते, लोण्यात परतलेला कोबी आणि नूडल्स, एमिलची आवडती. तेवढ्यात क्लबचा अध्यक्ष वेंडेल स्ट्रिकलर व्हर्नापाशी येऊन बसला. त्याचं हार्डवेअरचं दुकान कधीच बंद पडलं, पण दुकानदारी काही अंगातून गेली नाही.

"व्हर्ना, आम्ही ठरवलंय," तो म्हणाला. "एमिलच्या गाडीचे कोळशाचे डबे काचेच्या पेटीत ठेवायचे. वर फोटो, खाली पाटी. अगदी दाराशी. येणारा-जाणारा बघेल."

"आणि कोपरा?"

"तिथं थंड पेयांचं मशीन येतंय. आता ते वर्तुळ चालवणार कोण?"

व्हर्नाने काटा खाली ठेवला. "वेंडेल, आज सकाळीच मी त्याला एका पेटीत घातलंय. दुसरीत काही घालायचं नाही."

"मग काय करणार आहेस त्या डब्यांचं?"

"तुझ्या मोठ्या मांडणीवर चालवणार."

स्ट्रिकलर मयताच्या जेवणात जेवढं हसता येतं तेवढं हसला. "तीन रुळांचे डबे? ठेवल्या ठेवल्या सगळं बंद पडेल. आणि नियम आहे आमचा."

"दोन रुळांचे करून आणते."

"करून आण. पण एकेक डबा मी स्वतः तपासणार. आणि डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी पूर्ण गाडीने एक फेरा विनातक्रार मारला पाहिजे. नाही मारला, तर पेटी."

"नाही मारला तर मी माझ्या हाताने पेटीत ठेवीन," व्हर्ना म्हणाली आणि काटा उचलला. "लुडी, मीठ कमी आहे."

मीठ कमी नव्हतं. तरी मी मिठाची बाटली तिच्यापुढे सरकवली.

उन्हाळाभर ती मागच्या ओसरीवर बसून तेच काम करत होती. आमच्या ओसऱ्या समोरासमोर, त्यामुळे सगळं दिसायचं. आधी डब्याच्या पोटाखालचे चाकांचे दोन्ही संच काढायचे, कारण खेळण्यातल्या चाकांची कड जाड असते आणि दोन रुळांच्या सांध्यांवर ती अडकते. मग टोकाचे कपलर, म्हणजे डबे एकमेकांना अडकवायचे आकडे, कापायचे. ते खेकड्याच्या नांगीएवढे मोठे असतात, तिला ते डोळ्यांसमोर नको व्हायचे. मग डबा चाकांवर जरा खाली बसवायचा, कारण खेळणं नेहमी चवड्यावर उभं असल्यासारखं उंच असतं. आणि शेवटी नवी चाकं. यातच सगळी मेख आहे. दोन रुळांत एक रूळ वीज आणतो आणि दुसरा नेतो. चाकं धातूची, त्यांना जोडणारा आसही धातूचा, म्हणजे वीज आसातून आडवी पळणार आणि शॉर्ट होणार. म्हणून प्रत्येक आसाच्या एका चाकात प्लास्टिकची कडी असते. त्या बाजूने वीज अडते.

कडीचं चाक कुठल्या बाजूला ठेवायचं याचा तिने क्षणभरही विचार केला नाही. हातब्रेक डब्याच्या एकाच टोकाला असतो आणि कारखान्यात डब्याचं डावं-उजवं त्या टोकाकडून मोजतात. तिनेही हातब्रेकचं टोक समोर धरलं आणि कडीची चाकं सगळ्या डब्यांना डावीकडे बसवली. कपलर बसवायला प्लास्टिकचे ठोकळे मिळतात. ते हातात घेऊन तिने नाक मुरडलं आणि पितळेची पट्टी कापून, कानशीने घासून, स्वतःचे ठोकळे केले. चाकांच्या संचाचं मधलं भोक स्क्रूपेक्षा मोठं निघालं, तिथेही पितळेचे बुश, म्हणजे भोकात बसणाऱ्या छोट्या नळ्या, ठोकले. डबे पत्र्याचे होतेच. वरपासून खालपर्यंत सगळा धातू झाला. "आता कसा डबा वाटतो," ती म्हणाली.

ऑग्गी बेनेश तिथे आला तो दिवस मला आठवतो. ऑग्गी म्हणजे एमिलचा जिवलग, तीन रुळांचा कट्टर माणूस. हातात दोन बिअर घेऊन आला आणि कापलेले कपलर कॉफीच्या रिकाम्या डब्यात पडलेले बघून पायरीवरच थांबला.

"हे काय केलंस?"

"कापलं."

"व्हर्ना, अस्सल डबे होते ते. मूळ खोक्यांसकट होते. असे डबे शोधत लोक देशभर फिरतात."

"फिरू देत. पाय मोकळे होतील."

"एमिलला काय वाटलं असतं?"

"वाईट वाटलं असतं."

"मग?"

"तो होता तोवर डबे त्याचे होते. मी हात लावला का कधी? आता माझे आहेत. आणि मी तीन रुळांवर चालत नाही."

ऑग्गीने बिअर न उघडताच पायरीवर ठेवल्या आणि निघून गेला. त्यानंतर ती दिसली की तो रस्ता ओलांडून पलीकडून जायचा. मला त्याचा राग आला, आणि खरं सांगायचं तर तिचाही आला. ते कपलर एमिलच्या बोटांनी वर्षानुवर्षं जोडले-सोडले होते. आता कॉफीच्या डब्यात त्यांचं भंगार झालं होतं.

"त्याच्या आठवणीसाठी करतेस ना हे?" मी एकदा विचारलं.

"नाही गं," ती कानस न थांबवता म्हणाली. "घर फार गप्प झालंय. इतकी वर्षं त्या मधल्या रुळावरून भांडले. आता भांडायला समोर कोणी नाही. मग निदान जिंकून तरी घेते."

मी घरी आले आणि कांदे चिरत बसले, म्हणजे डोळ्यांना निमित्त मिळालं.

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, स्ट्रिकलरने डबे तपासले. चाकांचं अंतर बघितलं, कपलरची उंची बघितली, एकेक डबा इंजिनामागे लावून फिरवला. त्याला खोट काढायची होती आणि ती सापडेना. प्रत्येक डब्यानंतर त्याचं तोंड आणखी उतरत गेलं.

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. नुसतं ‘ठीक’.

पहिल्या शनिवारी हॉल भरला होता. कोपऱ्यात थंड पेयांचं मशीन घरघरत होतं, दाराशी काचेची पेटी पुसून ठेवलेली, आत एमिलचा फोटो आणि ‘प्रेमळ स्मृतीस’ अशी पाटी. डब्यांची जागा तेवढी रिकामी. व्हर्नाने तिकडे एकदा पाहिलं आणि आपलं खोकं मोठ्या मांडणीशी आणून ठेवलं. डबे हाताला येतील तसे रुळावर मांडले. कोणाचं हातब्रेकचं टोक पुढे, कोणाचं मागे.

इंजिनाला पहिला डबा जोडला, चाललं. दुसरा जोडला, चाललं. तिसरा जोडला आणि मांडणीवरची सगळी इंजिनं एकदम जागच्या जागी थांबली. पुलावरची थांबली, बोगद्यातली आतच राहिली. पोरांनी ‘आँ’ केलं. तिसरा डबा उचलला की सगळं सुरू, ठेवला की बंद.

"तीन रुळांवर असं कधी होत नाही," मागून ऑग्गीचा आवाज आला. कित्येक महिन्यांनी तिच्याशी बोललेलं हे त्याचं पहिलं वाक्य.

व्हर्ना वाकून डब्यांकडे बघत राहिली. मग तिचे कान लाल झाले. मी तिला आयुष्यात लाजलेली पाहिली ती तेवढीच. एकट्या डब्यात काही दोष नव्हता. पण डबा उलटा ठेवला की त्याची कडीची चाकं दुसऱ्या रुळावर जातात. एका डब्याचं धातूचं अंग डाव्या रुळाशी जोडलेलं, दुसऱ्याचं उजव्या रुळाशी, आणि मधे तिने पितळेत बसवलेले कपलर एकमेकांना घट्ट धरून. वीज तिथून आडवी पळाली. क्लबवाले प्लास्टिकचे ठोकळे उगाच वापरत नव्हते. खऱ्या रुळांवर हयात घालवलेल्या माणसाखेरीज ही चूक कोणी केली नसती. खऱ्या मालगाडीत डबा कुठल्या तोंडाने उभा आहे याची पंचाईत कोण करतं?

स्ट्रिकलरलाही ते कळलं होतं. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सोपं आहे. सगळ्यांचे हातब्रेक एका दिशेला फिरव. झालं काम."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"कोळशाच्या गाडीत सगळे हातब्रेक एका तोंडाला, अशी गाडी तू कधी बघितलीस?"

"अगं, इथं बघतंय कोण?"

"मी बघतेय."

मला तिला दोन्ही खांदे धरून हलवावंसं वाटलं. डबे नुसते फिरवायचे होते! पण ती तशीच उभी, हनुवटी वर करून, फोरमनपुढे उभी राहिली असेल तशी.

"सांता येईपर्यंत थांबतो," स्ट्रिकलर म्हणाला. "मग हा रूळ प्रवासी गाडीला द्यायचाय. आणि पेटी तयार आहे."

ती तडक स्वयंपाकघरात आली. "लुडी, ही झाकणं कसली?"

"हलुश्कीच्या डब्यांची."

"दे."

"मग मी हलुश्की कशाने झाकू?"

"ताटलीने." तिने पेयाच्या नळ्याही मूठभर उचलल्या. "आणि सोडतीच्या तिकिटांना भोक पाडायचं ते यंत्र कुठंय?"

तिने सोडतीच्या टेबलावरून ते यंत्र विचारल्याशिवाय आणलं. मी कात्रीने झाकणाचे वाटोळे तुकडे कापत गेले, ती त्यांना मधोमध भोकं पाडत गेली. झाले प्लास्टिकचे वॉशर. उलटे ठेवलेले डबे तेवढे तिने माझ्या पीठ सांडलेल्या ओट्यावर पालथे घातले. चाकांचा संच काढायचा, पितळेचा बुश ठोकून बाहेर, त्या भोकात नळीचा तुकडा, वर एक वॉशर, खाली एक वॉशर, आणि स्क्रू नळीतून परत आत. आता चाकांचा धातू डब्याच्या धातूला कुठेच शिवत नव्हता. ज्या प्लास्टिकला नाकं मुरडली, तेच ती नखाने नीट बसवत होती. पण तिचा स्क्रूड्रायव्हर सारखा घसरत होता. सत्तरी उलटलेले हात ते, वर अंगात राग.

"तुझं पातं झिजलंय," दारातून ऑग्गी म्हणाला. खिशातला आपला काढून त्याने पुढे केला. मग तोच आत आला, समोर बसला आणि एक डबा ओढून घेतला.

"हे मी तुझ्यासाठी करत नाहीये," तो म्हणाला. "एमिलचे डबे आहेत."

"बुश डावीकडून ठोक. आणि बोलू नकोस."

शेवटचा स्क्रू आवळताना बाहेर सायरन वाजला. आमच्याकडे सांता अग्निशमन दलाच्या बंबावरून येतो. पोरं, आया, आज्या सगळे दाराकडे धावले. डबे रुळावर लागले, परत जसे होते तसेच, काही सुलटे, काही उलटे. कळ फिरवताना हॉलमध्ये आम्ही चौघंच उरलो होतो, म्हणजे ती, ऑग्गी, स्ट्रिकलर आणि हातात कात्री घेऊन मी.

गाडी हलली. तिसरा डबा ओढला गेला, चौथा ओढला गेला, एकामागून एक सगळे पुलावर चढले. हातब्रेक कोणाचा इकडे, कोणाचा तिकडे, अगदी नदीकाठच्या खऱ्या रुळांवरून जायची तशी कोळशाची गाडी. प्रत्येक डब्याच्या कुशीवर नखाएवढं पांढरं लाटणं होतं. ते मला तेव्हाच दिसलं. बोगद्यात गेली. बाहेर आली, वळण घेतलं, आणि निघाली होती त्याच ठिकाणी परत आली. व्हर्नाने थांबवली नाही. दुसऱ्या फेऱ्याला सोडली.

लोक सांताला घेऊन आत आले. स्ट्रिकलर शब्दाचा पक्का निघाला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याने माईक घेतला आणि आवाज भरून आणला. "मित्रहो, आज आपल्या मोठ्या मांडणीवर एमिल झुर्कोची गाडी धावतेय. त्याच्या पत्नीने प्रेमाने..."

व्हर्नाने त्याच्या हातातून माईक काढून घेतला. ओढला नाही, एखाद्याच्या हातून गरम पातेलं घ्यावं तसा घेतला.

"ही एमिलची गाडी नाही," ती म्हणाली. "एमिलची गाडी तिकडं स्वयंपाकघराच्या दाराशी धावायची, तीन रुळांवर. तिथं तुम्ही मशीन ठेवलंय. ही व्हर्ना झुर्कोची गाडी आहे. एमिलला ही अजिबात आवडली नसती."

सांतासुद्धा दाढी धरून उभा राहिला.

"अजिबात नाही," ऑग्गी मागून मोठ्याने म्हणाला.

व्हर्नाने माईक स्ट्रिकलरला परत दिला. ती कोपऱ्याकडे गेली, थंड पेयांच्या मशीनपुढे उभी राहिली, कोटाच्या खिशातून खडू काढला आणि मशीनच्या दारावर वरपासून खालपर्यंत मोठी फुली मारली. मग वळून आपल्या गाडीपाशी येऊन उभी राहिली.

त्या हॉलमध्ये कारखान्यातले म्हातारे बरेच होते. त्यांनी आपापल्या ताटल्या खाली ठेवल्या. त्यांच्यातला एक उठला, मग दुसरा, आणि कोणी काही न विचारता त्यांनी मशीनची वायर भिंतीतून काढली.